आधी बघायला शिकले, मग फूल काढायला

"आई, हा घे तुझा पारिजातक," असं म्हणून मी मोठ्या उत्साहाने कागद पुढे केला. आईने चष्मा नीट केला, कागद जरा लांब धरला, मग जवळ आणला.

"छान आहे गं," ती म्हणाली. "पण पंख्याला मधे केशरी रंग कशाला दिलास?"

त्या दिवशी मला कळलं, की वयाची पस्तिशी उलटली तरी आपल्याला एक साधं फूल काढता येत नाही. ज्या झाडाखालून रोज ऑफिसला जायचं, ज्याची फुलं वेचून परडीत आणायची, त्या फुलाला पाकळ्या किती हेसुद्धा मला न बघता सांगता आलं नसतं.

पण चित्र काढणं भाग होतं. टी. टी. नगरमधला आमचा सरकारी क्वार्टर आम्हाला सोडायचा होता. जुने बैठे क्वार्टर पाडून तिथे नवी बांधकामं होणार, हे आम्ही काही वर्षं ऐकत होतो. आता आमच्या ओळीचाही नंबर लागला. दिवाळी झाली की कोलार रोडच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. सामान ट्रकमध्ये जाणार होतं. आईने हाताने लावलेला अंगणातला पारिजातक जाणार नव्हता.

फांद्या लावून पाहिल्या, बी रुजवून पाहिलं, ते सगळं चालूच होतं. पण आईचं म्हणणं वेगळं होतं. "नवं झाड होईल तेव्हा होईल. याचं एक चित्र काढून दे. देवघराशेजारी लावीन." मी म्हटलं, "फोनमध्ये शंभर फोटो आहेत की!" त्यावर ती म्हणाली, "तुझ्या फोनमधलं मला सापडत नाही. भिंतीवर दिसेल असं दे."

श्रावण नुकताच लागला होता. फुलं पडायला लागली होती. म्हणजे माझ्या हातात जेमतेम तीन महिने होते.

आमच्या घराचं आणि या वस्तीचं नातं जुनं. १ नोव्हेंबर १९५६ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, भोपाळ राजधानी झाली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं बाडबिस्तरा घेऊन इकडे आली. त्यात माझे आजोबा होते. ग्वाल्हेर-इंदूरकडूनही पुष्कळ मंडळी आली. आजोबा, मग बाबा, मग मी, तिघंही सरकारी नोकरीत. क्वार्टर बदलत गेले, टी. टी. नगर सुटलं नाही. (आमच्या पुढच्या पिढीतल्या किती जणांना ठाऊक आहे, की या 'टी. टी.'मध्ये १८५७चे तात्या टोपे आहेत?)

कॉपी करू की नको?

महाराष्ट्रातल्या माझ्या मावसबहिणी शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा देत होत्या. आमच्या शाळेत तसलं काही नव्हतं. चित्रकलेचा तास म्हणजे डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि नदी. त्यामुळे शिकायची सुरुवात कुठून करावी, हेच कळेना.

न्यू मार्केटमधून वॉटर कलरची एक पेटी, दोन ब्रश आणि जाड कागद घेऊन आले. ओळखीतल्या एका ताईंनी बरीच वर्षं चित्रकला शिकवली होती. त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी मला काहीच शिकवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "आधी दुसऱ्यांनी काढलेली फुलं बघ. नुसती बघू नकोस, उतरवून काढ."

मला जरा खटकलं. शाळेत दुसऱ्याच्या वहीतलं उतरवलं तर बाकावर उभं करायचे. इथे तोच गुन्हा गृहपाठ म्हणून करायचा! पण ताईंनी समजावलं. गाण्यात गुरूच्या मागून तीच तान शंभरदा घेतो, तेव्हा आपण चोरी करतो का? हात तयार होतो, कान तयार होतो. चित्रात डोळा तयार होतो.

नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं, की जगभर हेच चालत आलं आहे. चीनमध्ये १६७९ साली चित्रकला शिकणाऱ्यांसाठी एक नमुन्यांचं पुस्तक छापलं गेलं. 'मोहरीच्या दाण्याएवढ्या बागे'चं पुस्तक असं त्याचं नाव. फुलांचे भाग पुढे १७०१मध्ये निघाले. एक पाकळी कशी, दोन पाकळ्या कशा, वाऱ्याने वळलेलं पान कसं, असे जुन्या चित्रकारांचे नमुने त्यात आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलं ते गिरवत आली आहेत. आपण अक्षरं गिरवली तशी.

दोन रंगमहाल

टी. टी. नगरमध्ये राहणाऱ्याला रंगमहाल म्हटलं की न्यू मार्केटचं रंगमहाल टॉकीज आणि तिथला चौक आठवतो. मध्य प्रदेशात आणखी एक रंगमहाल आहे, धार जिल्ह्यात, बाघच्या लेण्यांमध्ये. तिथल्या चौथ्या क्रमांकाच्या लेण्याला रंगमहाल म्हणतात. साधारण दीड हजार वर्षांपूर्वीची ही बौद्ध लेणी. भिंतींवर माणसं, हत्ती, घोडे यांच्या मिरवणुका, नाचगाणं आणि त्यांच्या सोबतीला फुलांच्या, फळांच्या, पक्ष्यांच्या वेलपट्ट्या.

पण अजिंठ्याच्या मानाने इथला दगड मऊ. त्यात पाणी झिरपतं, ओल धरते. चित्रं विरत चालली होती. तेव्हा हा भाग ग्वाल्हेर संस्थानात होता आणि संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते मो. ब. गर्दे. १९२१च्या सुमारास या चित्रांच्या नकला करवून घेण्यात आल्या. शांतिनिकेतनच्या परंपरेतले नंदलाल बोस, असितकुमार हालदार, सुरेंद्रनाथ कर आले, आणि त्यांच्याबरोबरच आपटे, भोसले, भांड, जगताप या आपल्या मराठी चित्रकारांनीही लेण्यांत बसून भिंतीवरची रेघ न्‌ रेघ उतरवली.

ग्वाल्हेरला मामाकडे लहानपणापासून जात आले, पण गुजरी महालातल्या संग्रहालयात या नकला आहेत याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या ऑगस्टमध्ये मुद्दाम गेले. वही-पेन्सिल घेऊन एका वेलपट्टीसमोर उभी राहिले आणि पहिल्याच दिवशी माझ्या पंख्याचं कोडं सुटलं.

मी काढलेली सगळी फुलं माझ्याकडे तोंड करून बसली होती. शाळेच्या ग्रुप फोटोत मुलं बसतात तशी. जुन्या चित्रकारांच्या वेलीवर तसं नसतं. एक फूल समोर बघतं, दुसरं बाजूला वळलेलं, तिसरं पाठमोरं, चौथं अजून कळीच. देठ वाकतो, त्याप्रमाणे फूल वळतं. अजिंठ्याच्या छतांवरची कमळं पाहिलीत तर तिथेही हेच दिसेल. फूल म्हणजे चकती नाही, त्याला पाठ-पोट असतं, हे मला दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने शिकवलं, आणि ते माझ्यापर्यंत पोचवलं शंभर वर्षांपूर्वी नक्कल करणाऱ्यांनी.

घरी येऊन पहाटे अंगणात गेले. जमिनीवरची फुलं नीट पाहिली. अर्ध्याहून जास्त फुलं पालथी पडली होती! पांढऱ्या पाकळ्या मातीकडे आणि केशरी देठ वर. इतकी वर्षं वेचत होते, कधी दिसलं नव्हतं.

या नकलांची आणखी एक गोष्ट मनात राहिली. बाघच्या भिंतींवरची चित्रं पुढे इतकी खराब झाली, की १९८२पासून उरलेली चित्रं भिंतीवरून काढून जतन करावी लागली. मूळ चित्रात काय होतं हे आज समजून घ्यायचं तर पुष्कळदा या नकलांकडेच यावं लागतं. अजिंठ्याचं उलटं झालं. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकलांपैकी बऱ्याचशा १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा सगळं काम केलं, त्यातल्याही पुष्कळ नकला १८८५च्या आगीत जळाल्या. म्हणजे मूळ टिकेल की नक्कल, हे कुणालाच आधी सांगता येत नाही. म्हणून दोन्ही सांभाळायची.

मन्सूर आणि व्हिन्सेंट

आता डोळे उघडले होते, पण रंग जमेना. पांढऱ्या कागदावर पांढरं फूल कसं दाखवायचं? मी कडेने काळी रेघ मारली, तर ते लग्नपत्रिकेवरच्या नक्षीसारखं दिसायला लागलं.

जहांगीर बादशहाच्या पदरी मन्सूर नावाचा चित्रकार होता. १६२०मध्ये बादशहा काश्मीरला गेला, तेव्हा मन्सूरने तिथल्या शंभराहून जास्त फुलांची चित्रं काढल्याची नोंद जहांगीरने स्वतःच्या आठवणींत केली आहे. त्यांतली फार थोडी आज उरली आहेत. लाल ट्यूलिपचं चित्र त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. मोगल चित्रकारांनी युरोपातून आलेली वनस्पतींची छापील चित्रंही बारकाईने अभ्यासली होती. एकच झाड, मागे मोकळी जागा, आणि देठापासून पाकळीच्या टोकापर्यंत काहीही न लपवलेलं, ही रीत त्यांनी आपलीशी केली.

मी त्या ट्यूलिपची छापील प्रत समोर ठेवून चार वेळा काढली. चौथ्या वेळी लक्षात आलं, की पानांशिवाय फूल ओळखू येत नाही. माझ्या चित्रात पानंच नव्हती. पारिजातकाचं पान तर किती वेगळं! समोरासमोर जोडीने येणारं, टोकदार, आणि हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत. पान काढलं आणि फूल एकदम पारिजातकाचं झालं.

रंगाचा प्रश्न सोडवला व्हिन्सेंट व्हॅन गॉगने. त्याची सूर्यफुलं आपल्याला माहीत असतात. ती १८८८ची. पण त्याआधी १८८६मध्ये पॅरिसला तो आला, तेव्हा मॉडेलला द्यायला पैसे नव्हते म्हणून त्याने फुलांची चित्रं काढण्याचा सपाटा लावला. खसखशीची फुलं, गुलाब, शेवंती, जे मिळेल ते. त्याला फुलं सजवायची नव्हती, रंग शिकायचे होते. निळ्याशेजारी केशरी, लालशेजारी हिरवा, पिवळ्याशेजारी जांभळा ठेवला तर दोन्ही कसे उजळतात, हे तो करून बघत होता. दुसऱ्या वर्षी त्याने हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं फुललेल्या प्लमच्या बागेचं चित्र उतरवलं. तेही अंदाजाने नाही, ट्रेसिंग पेपरवर चौकोनांची जाळी आखून. आणि मग १८९०मध्ये भावाला मुलगा झाला, तेव्हा त्या बाळासाठी त्याने निळ्या आभाळावर पांढऱ्या बदामाच्या फुलांच्या फांद्या काढल्या. त्या चित्रात जपानी चित्रांचा अभ्यास स्पष्ट दिसतो, पण चित्र पूर्णपणे त्याचं आहे.

मी माझ्या फुलांमागची जागा निळसर काळपट केली. पहाटेची ओली माती अशीच असते. पांढऱ्या रंगाला हातही लावला नाही, तिथे कागद कोरा सोडला. पाकळ्या आपोआप उमटल्या आणि देठांचा केशरी रंग असा उठून आला, की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. या वेळी ती पंख्याबद्दल काही बोलली नाही.

श्यामला हिल्सवरचे शेजारी

ज्या गोष्टीसाठी लोक लांबून येतात, ती आपल्या अगदी जवळ असते आणि आपण पाहुणे आले तरच तिकडे जातो. आमचं भारत भवनचं तसंच झालं होतं. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली, मोठ्या तलावाकडे उतरत जाणारी ही वास्तू १९८२ साली सुरू झाली. तिथल्या 'रूपंकर' संग्रहालयासाठी जगदीश स्वामिनाथन यांनी गावोगावच्या आदिवासी कलावंतांचा शोध घेतला. त्यातूनच पाटनगढचा जनगढसिंह श्याम हा तरुण गोंड मुलगा भोपाळला आला. भिंतीवर काढायची चित्रं त्याने कागदावर काढली आणि एक नवीच शैली उभी राहिली. आज तिला 'जनगढ कलम' म्हणतात.

मला विशेष वाटलं ते पुढच्या पिढीचं. जनगढच्या भोपाळच्या घरी गावाकडचे नातेवाईक येऊन राहू लागले. त्याने आकार काढायचा, त्यांनी आत ठिपके, रेघा, नक्षी भरायची. भरता भरता हात बसला आणि मग प्रत्येकाने आपली स्वतःची नक्षी शोधून काढली. कुणाचे ठिपके, कुणाच्या लाटा, कुणाचे बियांसारखे आकार. जाणकार माणूस नुसती नक्षी बघून चित्र कुणाचं ते सांगतो. भुरीबाईंची गोष्टही तशीच. झाबुआकडची ही भिल्ल बाई भारत भवनच्या बांधकामावर मजूर होती. स्वामिनाथन यांनी तिला चित्र काढायला सांगितलं. २०२१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तिथल्या, आणि जवळच्याच जनजातीय संग्रहालयातल्या झाडांसमोर बसून मी नकला केल्या. माझ्या चित्रात त्यांची नक्षी आणायची नव्हती, ती त्यांची आहे. मला त्यांच्याकडून लय घ्यायची होती. पडलेली फुलं मी मोजून-मापून मांडत होते. त्या चित्रांत काहीही मोजलेलं वाटत नाही, तरी काही सांडलेलंही वाटत नाही.

आपल्या इंदूरचं नावही इथे घ्यायलाच हवं. द. दा. देवळालीकर मास्तरांनी तिथे चित्रकलेचं शिक्षण सुरू केलं आणि त्यांच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर असे विद्यार्थी घडले. तिघांची चित्रं शेजारी ठेवली तर गुरू एकच होते यावर विश्वास बसणार नाही. चिंचाळकर गुरुजी तर पुढे वाळकी पानं, बिया, मुळं, टाकाऊ वस्तू यांतूनच चित्रं उभी करू लागले. दुसऱ्याकडून शिकल्याने आपलं काही हरवतं, ही भीती अशा वेळी खोटी वाटायला लागते.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर

आपल्या मंडळातल्या तरुण मुलामुलींसाठी माझ्या चुकांमधून निघालेल्या चार गोष्टी सांगते.

एकच चित्र निवडा आणि पेन्सिल हातात न घेता दहा मिनिटं बघा. उजेड कुठून येतो, सर्वांत गडद जागा कोणती, चित्रकाराने काय काढायचं टाळलं आहे, हे स्वतःला विचारा.

मग चौकोनांची जाळी आखून ते उतरवा. दुसऱ्या दिवशी चित्र झाकून आठवणीने काढा. जे आठवलं नाही, ते आपण पाहिलंच नव्हतं असं समजा आणि पुन्हा बघा.

त्यानंतर खरं फूल समोर घ्या. ही पायरी गाळू नका. नुसत्या चित्रांवरून चित्रं काढत राहिलं, तर दुसऱ्याच्या चुकाही आपल्या होतात. जास्वंदीच्या पाकळ्या पाच, पण पारिजातकाच्या कधी पाच, कधी सहा, सात, आठसुद्धा. हे मला कुठल्याही चित्राने सांगितलं नाही, परडीतल्या फुलांनी सांगितलं. पळस काढायचा असेल तर फाल्गुनात भोपाळबाहेर पडा, बहावा उन्हाळ्यात रस्त्यावरच सापडेल.

आणि शेवटची गोष्ट. नक्कल केली असेल तर कोपऱ्यात मूळ चित्रकाराचं नाव लिहून 'वरून' असं लिहा. शिकण्यासाठी उतरवणं आणि आपलं म्हणून खपवणं, यातला सगळा फरक त्या एका शब्दात आहे.

आईचं चित्र धनत्रयोदशीला पूर्ण झालं. पहाटेची ओली माती, पालथी-उताणी पडलेली फुलं, वरून खाली आलेली एक फांदी आणि कोपऱ्यात परडीची कड. आईने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "परडी तेवढी वाकडी झालीय." खरंच झाली होती. तशीच राहू दिली.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. पुढे एकदा काही कामाने तिकडून गेले, तर आमची ओळ सपाट झाली होती आणि झाड कुठे होतं हेही नक्की सांगता येईना. आईला मी ते बरेच दिवस सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

बियांतून रुजलेलं एक रोप आता फ्लॅटच्या बाल्कनीत कुंडीत आहे. अजून फुललेलं नाही.

या उन्हाळ्यात भावाची मुलगी पुण्याहून आली होती, नऊ वर्षांची. दुपारी आई झोपली असताना ती देवघराशेजारी मांडी घालून बसली आणि भिंतीवरचं चित्र वहीत उतरवत राहिली. मी मागून हळूच पाहिलं. तिने परडी सरळ काढली होती. खाली लिहिलं होतं, 'आत्याच्या चित्रावरून.' मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्या, पण यांचा देठ खरंच एवढा केशरी असतो का गं?"

मी म्हटलं, "श्रावणात ये. कुणाच्या तरी अंगणात जाऊन दोघी बघू."